लेकीची नदी

फाल्गुन अर्ध्यावर आला की आमच्या पुंडलिकनगरात दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात. कडुनिंबाची पानं गळायला लागतात आणि पाण्याचे टँकर फिरायला लागतात. सकाळी गच्ची झाडायला जावं तर कोपऱ्यात पिवळ्या पानांचा ढीग, आणि खाली गल्लीत पाइप ओढणाऱ्यांचा आरडाओरडा. ऊन अजून चावत नसतं, पण दुपारी शिलाई मशीनवर हात टेकला की लोखंड कोमट लागतं. सुती ब्लाउजांची कामं एकदम वाढतात. खिडकीतून गरम वाऱ्याची पहिली झुळूक आत येते आणि कापडावर आखलेली खडूची रेघ उडवून नेते. माझे इतक्या वर्षांचे फाल्गुन असेच गेले आणि मला ते आवडतात. तक्रार नाही.

पण एक फाल्गुन मी दुसरीकडं काढला. पार खाली, न्यूझीलंडमध्ये, एका थंडगार नदीच्या काठी, तंबूत. त्या नदीचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तिथं तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो, झाडांवर किर्र आवाज करणारे जाडजूड किडे शेवटचं ओरडून घेत असतात आणि पहाटे गवतावर इतकं दव पडतं की बूट भिजतात. त्या फाल्गुनात मी छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून नदीत उभी राहिले. घरात अंडंसुद्धा न आणणारी मी, ट्राउट नावाचा मासा गळाला लावायला शिकले. हे सांगितलं की बायका आधी तोंडाला पदर लावून हसतात आणि मग हळूच विचारतात, ‘खाल्ला का?’

खाल्ला नाही. पण ते नंतर.

आमची अश्विनी तिकडं शिकायला गेली ती नद्यांचा अभ्यास करायला. शिकली, एका कचेरीत चिकटली, सगळं रीतसर चाललं होतं. मग एक दिवस तिनं फोनवर सांगितलं की तिनं नोकरी सोडली आणि आता ती गाइड झाली आहे. देशोदेशीचे लोक तिथं ट्राउट धरायला येतात, त्यांना ती डोंगरातल्या नद्यांवर नेते, मासा दाखवते, धरायला शिकवते. आमच्या ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हे म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळ फुलंब्रीकडचे शेतकरी घरातले, आणि सगळी नोकरी कालव्यावर काढलेली. कोणत्या चारीला किती पाणी सोडायचं, कधी तोडायचं, हे ठरवणारा माणूस. लेकीनं पाण्याचं शिक्षण घेतलं तेव्हा ह्यांची छाती फुगली होती. तीच लेक मासे धरायला शिकवते म्हटल्यावर त्यांचं तोंड मिटलं. पुढची दोन-अडीच वर्षं बाप-लेकीचं बोलणं एवढंच. ‘तब्येत बरी?’ ‘बरी.’ ‘दे आईला.’

लोकांना सांगायचं जरा अवघडच होतं. माझ्याकडं साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या शबनमआपा आहेत, त्यांना मात्र मी सरळ सांगून टाकलं.

“बच्ची क्या करती भाभी वहाँ?”

“मच्छी पकडना सिखाती लोगां को.”

आपांच्या हातातली सुई थांबली. “और तुम लोगां तो खातेच नै!”

“वो भी नै खाती. पकडके छोड देती.”

आपांनी दोन टाके घातले. मग म्हणाल्या, “छोडनाच है तो पकडती कायकू?”

तो प्रश्न मी तसाच बांधून घेऊन न्यूझीलंडला गेले असं म्हटलं तरी चालेल. ह्यांनीही बरोबर एक गोष्ट बांधून घेतली होती. पुण्यात ह्यांच्या पुतण्याच्या ओळखीनं एका कंपनीत अश्विनीसाठी जागा होती. निघायच्या आधी फुलंब्रीला बहिणीकडं गेले होते, तिथं सगळ्यांसमोर म्हणाले, “येताना तिला घेऊनच येतो.” हे मला वन्संनी फोन करून सांगितलं. मी मनात म्हटलं, बघू तरी.

अश्विनी विमानतळावर आली ती उन्हानं रापलेली, केस कातरलेली, दंड पैलवानासारखे झालेली. मला मिठी मारली. ह्यांच्या पाया पडली. हे म्हणाले, “वाळलीस.” वाळलेली अजिबात नव्हती. पण बापाला दुसरं काय सुचणार?

तिनं आम्हाला घरी फार थांबू दिलंच नाही. म्हणाली, माझं काम बघायचं असेल तर नदीवर चला. गाडीत तंबू, भांडी, गाद्यांच्या गुंडाळ्या भरल्या. मी तिच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि आम्ही निघालो. शेवटचा रस्ता कच्चा होता. दोन्ही बाजूंना काळ्या खोडांचं जंगल आणि मधून ती नदी.

पाणी म्हणजे काय असतं हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. लोक म्हणतात काचेसारखं. काचेला निदान चमक तरी असते. हे पाणी दिसतच नव्हतं. तळातले गोटे दिसत होते, करडे, हिरवट, एखादा विटकरी, आणि त्यांच्यावर उन्हाची जाळी हलत होती म्हणून पाणी आहे म्हणायचं. हे खाली वाकले, ओंजळ भरली, आधी वास घेतला, मग प्यायले. पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा प्यायले. उठून उभे राहताना रुमालानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसले. ज्या माणसानं जन्मभर पाण्यासाठी भांडणारी गावं पाहिली, त्याला ते तसं वाहून जाताना पाहणं सोपं नसावं.

तंबू लावायच्या आधी ह्यांनी एक काठी शोधली आणि सगळं गवत झोडपून काढलं. अश्विनी बघत राहिली.

“बाबा, काय करताय?”

“साप-किरडू असंल तर निघून जाईल.”

“या देशात साप नाहीच.”

“नाहीच म्हणजे?”

“एकसुद्धा नाही.”

ह्यांनी काठी टाकली नाही. तिच्याकडं संशयानं पाहिलं आणि आणखी दोन फटके मारले. साप नसले तरी तिथं बारीक काळ्या माश्या होत्या, आणि त्या अशा चावायच्या की आपल्याकडचे डास सज्जन वाटावेत. पायांना तेलकट मलम चोपडून आम्ही चहा प्यायलो. वाटीएवढा छोटा स्टोव्ह, त्यावर पातेलं, आणि आलं मात्र आपल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शिकवायला घेतलं. गळाला काही खायचं लावायचं नसतं. एक खोटी माशी असते, दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली, आणि माशीनं मासा धरायचा. रॉड हलका, वेताच्या छडीसारखा. त्याला जाड रंगीत दोर, दोराच्या टोकाला डोळ्याला न दिसणारा बारीक धागा आणि धाग्याला ती माशी. तिची डबी उघडली तेव्हा मी हरखलेच. कोणती माशी शेंगदाण्याच्या टरफलाएवढी, कोणती तिळाएवढी. मी भिंग लावून त्यांचे वेढे पाहिले. काही छान होत्या. काहींची शेवटची गाठ ढिली होती, आणि तसं मी तिला सांगितलं.

“मी केल्यात त्या,” अश्विनी म्हणाली.

“मग नीट गाठ मार की. दोरा संपत आला की घाई करतेस तू. लहानपणापासनं करतेस.”

आधी गवतावर सराव. दोर मागं टाकायचा, तो पाठीमागं हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढं आणायचं. सगळे चुकतात ते थांबण्यात, असं ती म्हणाली. मला ते अवघड गेलं नाही. धाग्याला ताण कधी आला आणि कधी गेला हे बोटांना कळतं माझ्या. आयुष्यभर तेच केलं आहे. दोर मागं गेला, मनगटाला हलकी ओढ लागली, आणि मी पुढं आणला. तो उलगडत उलगडत जाऊन गवतावर अलगद पडला. हे खुर्चीवर बसून पाहत होते.

“धुणं आपटल्यावाणी दिसतंय,” म्हणाले.

“या, आपटून दाखवा,” मी म्हटलं.

त्यांनी प्रयत्न केला. दोर त्यांच्याच टोपीत अडकला. अश्विनी हसली, मी हसले, आणि तेही जरासं हसले. पण मग लगेच टोपी नीट करून तंबूत गेले. पुण्याच्या नोकरीचं अजून त्यांनी काढलं नव्हतं. शब्द जुळवत होते.

संध्याकाळी भांडी घासताना मी आपांचा प्रश्न अश्विनीला विचारला. सोडूनच द्यायचं तर धरायचं कशाला? मला वाटलं होतं ती मोठ्या लोकांची ठरलेली उत्तरं देईल. तिनं पातेलं विसळून उपडं ठेवलं.

“मलाही सगळं उत्तर सापडलेलं नाही, आई. माशाला त्रास होतोच. म्हणून मी गळाचा उलटा काटा दाबून टाकते, हात ओले करून धरते, पाण्याबाहेर ठेवत नाही. तरी होतोच. पण खरं सांगू? नुसती नदी बघायला कुणी येत नाही. मासा धरायला येतात. मग दिवसभर पाण्यात उभे राहतात, आणि जाताना विचारतात, ही नदी कुणी खराब तर करणार नाही ना? एवढंच माझ्याकडं आहे.”

मला ते उत्तर पुरं पटलं असं नाही. पण तिनं ते प्रामाणिकपणे दिलं, आणि तिला ते रोज स्वतःला द्यावं लागतं हे मला दिसलं. मग मी आणखी खोदलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदी ओलांडून पलीकडं गेलो. गाडी आणि तंबू अलीकडं राहिले. पाणी गुडघ्याच्या थोडं वर, थंडी हाडापर्यंत. अश्विनी म्हणाली पलीकडच्या काठानं वर गेलं की चांगले डोह आहेत, पाऊस संध्याकाळनंतर आहे, दुपारपर्यंत परत येऊ. आकाश निळं स्वच्छ. फक्त लांब, नदी जिथून येते त्या डोंगरांच्या मागं, काळ्या ढगाची एक पट्टी आडवी पडलेली होती.

ट्राउट धरणं म्हणजे अर्धं काम बघण्याचं. अश्विनी पुढं, मी मागं, वाकून चालायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. ती थांबायची आणि कुजबुजायची, “तो बघ.” मला गोटे दिसायचे. “गोटाच हलतोय बघ.” आणि खरंच, एक गोटा शेपटी हलवायचा. तपकिरी पाठ, अंगावर ठिपके, हातभर लांब, प्रवाहाकडं तोंड करून जागच्या जागी पोहत उभा. पहिला मी घाईनं पळवला. दुसरा माझ्या माशीपर्यंत आला, नाक लावून पाहिलं, आणि नको म्हणून परत गेला. माणसानं साडी पाहून ठेवून द्यावी तसा.

हे मागं काठावर बसले होते. बसल्या बसल्या सवयीनं त्यांनी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड उभा केला होता. कालव्यावर असताना करायचे तसं, पाणी चढतंय की उतरतंय ते कळावं म्हणून. तिथं कुणी त्यांना हे काम सांगितलं नव्हतं.

दुपार होत आली तेव्हा तिसरा मासा दिसला. डोहाच्या तोंडाशी. अश्विनीनं माझ्या धाग्याला त्या किर्र ओरडणाऱ्या किड्यासारखी एक जाडी माशी बांधली. मी दोर टाकला. माशी पाण्यावर टपकन पडली, जशी झाडावरून पडावी. मासा वर आला. घाई नाही, गडबड नाही, तोंड उघडलं आणि माशी दिसेनाशी झाली.

“थांब,” अश्विनी कानात म्हणाली. “आत्ता!”

मी रॉड उचलला आणि पलीकडून कुणीतरी जिवंत ओढलं. हे शब्दांत सांगता येत नाही. हातापासून खांद्यापर्यंत एक जीव धडधडत होता. मासा डोहात खाली गेला, मग वर उसळला, उन्हात पूर्ण दिसला, सोनेरी पोट, पुन्हा खाली. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला माहीत नाही.

आणि तेव्हाच मागून ह्यांची हाक आली. “आशू! पाणी चढतंय!”

अश्विनीनं वळून पाहिलं. मी पण. ह्यांचा दगड दिसत नव्हता. आणि नदीला रंग आला होता, फिकट चहासारखा. पाण्यावरून काड्या आणि पानं वाहत येत होती.

अश्विनीनं क्षणभर माशाकडं पाहिलं. मग कमरेची कात्री काढली आणि माझा धागा तोडला. रॉड हलका झाला. तो हलकेपणा मला अजून आठवतो. पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून मी भराभर दोर गुंडाळला.

आम्ही सकाळी ओलांडलेल्या जागी पळत आलो. तिथला खळाळ मोठा झाला होता, आवाज बदलला होता. आत कुठंतरी गोटे एकमेकांवर आपटत असल्याचा जड आवाज येत होता.

“डोंगरात लवकर पाऊस पडला,” अश्विनी म्हणाली. “माझा अंदाज चुकला.” सरळ म्हणाली. मग म्हणाली, “आता नाही जायचं. इथंच थांबायचं.”

“का?” हे म्हणाले. “अजून मांडीपर्यंतच आहे. आत्ता निघालो तर जमतंय. उशीर केला तर अडकू. माझी प्रेशरची गोळी तिकडं तंबूत आहे.”

“बाबा, एक दिवस गोळी चुकली तर काय होतं ते मला माहितेय. या पाण्यात एक पाय चुकला तर काय होतं तेही माहितेय.”

“मला पाणी शिकवतेस? अख्खी नोकरी पाण्यावर काढली मी!” आणि ते पाण्यात उतरले. दाखवायला. मला आणि तिला दाखवायला की बघा, जमतंय. दोन पावलं नीट गेली. तिसऱ्याला गोटा खालून सरकला आणि हे कमरेपर्यंत खाली बसले.

मी किंचाळले. अश्विनी पाण्यात कधी गेली मला कळलंच नाही. तिनं मागून त्यांच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला होता, आणि तिचे पाय असे रोवलेले होते जसे खांब. तिचा आवाज मात्र चढलेला नव्हता.

“बाबा. पाण्याकडं बघू नका. काठाकडं बघा. डावा पाय. आता उजवा. मी धरलंय. डावा.”

हे बाहेर आले ते थरथरत होते. थंडीनं, आणि रागानंही. काठावर उभे राहून तिच्याकडं पाहत राहिले. ती ओली, धापा टाकत, तशीच त्यांच्याकडं पाहत म्हणाली, “कालव्याचं पाणी तुमच्या हुकमात होतं, बाबा. गेट पाडलं की थांबायचं. हे कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आपण ऐकायचं.”

हे उत्तर द्यायला तोंड उघडत होते. मी मध्ये पडले. बाप-लेकीच्या मध्ये मी सहसा पडत नाही, पण त्या दिवशी पडले.

“बसा खाली,” मी म्हटलं. “इथं तिचं चालतं. ती म्हणंल तसं करायचं. मीही आणि तुम्हीही.”

हे बसले. अश्विनीनं तिच्या पिशवीतून कोरडी लोकरीची बंडी काढून त्यांना घातली, ताडपत्री दोन झाडांना बांधली, स्टोव्ह पेटवला. चहाचं पाणी उकळायच्या आत नदीत एक आख्खं झाड आलं. मुळांसकट. ते गडगडत आलं आणि जिथं आम्ही ओलांडणार होतो, अगदी तिथून गेलं. एक मूळ वर येऊन हवेत फिरलं आणि पुन्हा खाली गेलं. आम्ही तिघांनी ते पाहिलं. मग अश्विनीनं चहा ओतला. ह्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

पेला संपल्यावर ते म्हणाले, “हे पाणी उतरायला किती वेळ घेतं?” असं विचारलं जसं एखाद्या साइटवर दुसऱ्या इंजिनिअरला विचारावं. अश्विनीनंही तसंच उत्तर दिलं. डोंगर कसे उभे आहेत, पाणी जसं भसकन येतं तसं भसकन जातंही, रंग कसा पाहायचा, काड्या मधून वाहतायत की कडेला लागतायत ते कसं पाहायचं. हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, गोदावरीला पूर यायचा तेव्हा आम्हीही काड्याच पाहायचो. ती म्हणाली, सांगा की. आणि त्यांनी सांगितलं. दशम्या आणि चटणी खात खात ते दोघं पाण्यावर बोलत राहिले, अंधार पडेपर्यंत. थंडी होती, माश्या चावत होत्या, वरून ताडपत्री फडफडत होती. मी त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसले होते आणि मला ऊब येत होती.

सकाळी जाग आली तर दोघं जागेवर नव्हती. पाण्याच्या कडेला उकिडवी बसलेली. एका मोठ्या दगडावर ओलीची रेघ होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली.

“उतरतंय,” हे म्हणाले.

“उतरतंय,” ती म्हणाली.

दुपारी तिनं आम्हाला पलीकडं नेलं. तिघांनी एकमेकांच्या पिशव्यांचे पट्टे धरायचे, ती वरच्या बाजूला, सगळ्यात जोराचं पाणी तिच्या अंगावर, मध्ये हे, खालच्या बाजूला मी. ती पाऊल म्हणायची आणि आम्ही टाकायचो. मधोमध पाणी मांडीला लागलं तेव्हा ह्यांनी विचारलं, “थांबू का?” “थांबा,” ती म्हणाली. थांबले. “चला.” चालले. पलीकडं पाय कोरड्या वाळूत पडल्यावर ह्यांनी तिच्या पट्ट्यावरचा हात लगेच काढला नाही.

पुण्याच्या नोकरीचं त्यांनी तिला विचारलंच नाही. परत आल्यावर वन्संचा फोन आला तेव्हा मी शेजारीच हातशिलाई करत होते. हे म्हणाले, “नाय आणली. तिचं काम लई जोखमीचं आहे, आणि ती ते नीट करते. तिला इकडं आणून काय बसवायचं?” एवढंच बोलून त्यांनी पिकाचं विचारलं.

गेल्या वर्षी ह्यांचे गुडघे फार धरले, त्यामुळं आता तिकडं जाणं व्हायचं नाही. अश्विनी दिवाळीत येऊन जाते. आल्यावर बापाला घेऊन सोयगावकडं धबधबा आणि नाले बघायला जाते आणि दोघं पाण्याच्या नावानं भांडतात, पण आता ते भांडण ऐकायला बरं वाटतं. यंदाचा फाल्गुन चालू आहे. गच्चीवर पानं पडतायत. मी ब्लाउजांना हुक लावतेय, आणि त्या सफरीतली एक संध्याकाळ मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही, ती सांगून टाकते.

निघायच्या आदल्या दिवशीची. ऊन डोंगराआड जात होतं. नदी पुन्हा स्वच्छ झाली होती. मी रॉड घेऊन तंबूच्या खालच्या डोहाशी गेले, उगाच, हात मोकळा करायला. मागं तंबूपाशी ते दोघं बसलेले. हे तिला काहीतरी सांगत होते. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. त्यांचा जाड आवाज, मध्ये तिचा, पुन्हा त्यांचा. मग दोघं हसली. दोन-अडीच वर्षांत मी त्या दोघांचं असं मोकळं हसणं ऐकलं नव्हतं. मी ठरवलं, आपण आत्ता तिकडं जायचं नाही. गेले असते तर चहा कर, हे दे, ते दे, आणि बोलणं तुटलं असतं. म्हणून मी दोर टाकत राहिले.

आणि मासा लागला.

मोठा नव्हता. वीत-दीड वीत असेल. पण जिवंत, चिवट, माझा. पहिल्यांदा तोंडून हाक निघालीच होती, आशू, जाळी आण. ती मी गिळली. मागून अजून हसण्याचा आवाज येत होता. मी एकटीनं त्याला हळूहळू कडेला आणलं, गुडघे टेकले, हात पाण्यात बुडवून ओले केले, आणि त्याला धरलं. थंड, गुळगुळीत, आणि आत धडधड. अंगावर लाल ठिपके होते, प्रत्येकाभोवती फिकट निळी कड. असलं कापड मी कुठंही पाहिलेलं नाही. गळ सहज निघाला. मी त्याचं तोंड प्रवाहाकडं केलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत त्याला सैल धरून राहिले. तो थोडा वेळ तसाच थांबला, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका माझ्या मनगटाला मारून निघून गेला.

मी उठले नाही. पाणी मनगटावरून वाहत होतं. मागं बाप-लेक बोलत होती. मी दोर आवरला, माशी पाण्यात धुतली, आणि अंधार पडेपर्यंत नुसताच दोर टाकत राहिले.